कागदावरचा खेळाचा तास

पोरगी तीन भाकऱ्या खाऊन उठली आणि मंजुश्रीच्या पोटात गोळा आला.

दुसरी कुठली आई असती तर तिनं मीठमोहऱ्या ओवाळल्या असत्या. पण मंजुश्री लातूरच्या ट्यूशन एरियात खोली करून राहिलेली आई होती. उदगीरचं घर, सासू, नवरा आणि नवऱ्याचं डाळीचं दुकान मागं टाकून ती दीड वर्षापूर्वी या दहा बाय बाराच्या खोलीत येऊन बसली होती. काम एकच. अक्षराला डॉक्टर करायचं. म्हणजे पहाटे उठवायचं, डबा भरायचा, क्लासच्या गेटपर्यंत पोचवायचं, परत यायचं आणि संध्याकाळपर्यंत भिंतीकडं बघत बसायचं.

या गल्लीत अशा दोन-अडीचशे आया होत्या. इथं आईला नाव नसतं. ए बॅचची आई, सी बॅचची आई, एवढीच ओळख. दर रविवारी टेस्ट, संध्याकाळी मोबाइलवर रँक. कुठल्या खोलीत त्या दिवशी कुकरची शिट्टी होणार आणि कुठल्या खोलीत पोरगं उपाशी झोपणार, हे शेजारणीला आधीच कळायचं. शेजारीण तरीही विचारायला यायची. मुद्दाम यायची.

अक्षरा आली तेव्हा बडबडी होती. उदगीरला होती तोवर तिच्या तोंडाला टाळं कसं लावावं हाच घराला प्रश्न होता. लातुरात अकरावीची दिवाळी येईपर्यंत टाळं आपोआप लागलं. काही विचारलं की ‘हं’. जेवण अर्धी भाकरी. कंगव्यात केसांचे पुंजके. मंजुश्रीनं डॉक्टरकडं नेलं तर डॉक्टर म्हणाला, सगळ्यांनाच होतं, आणि लोहाचं औषध लिहून दिलं. क्लासमध्ये मेंटॉर म्हणून एक पोरगेला माणूस बसवलेला असतो, त्याच्याकडं गेली. तो म्हणाला, “गप्प आहे म्हणजे फोकस आहे, मॅडम. काळजी करू नका.”

मंजुश्रीनं विश्वास ठेवला. न ठेवून जाणार कुठं?

मागच्या गल्लीतल्या हॉस्टेलवर एके सकाळी पोलिसांची गाडी येऊन गेली होती. कुणाचं पोरगं, कुठल्या गावचं, कुणी मोठ्यानं बोललं नाही. दुसऱ्या दिवशी टेस्ट वेळेवर झाली. त्या दिवसापासून मंजुश्री पोरीच्या ‘हं’चासुद्धा हिशोब ठेवायला लागली. सकाळी किती वेळा म्हणाली, संध्याकाळी किती वेळा.

आणि आता बारावीच्या पावसाळ्यात ही पोरगी तीन-तीन भाकऱ्या खाऊ लागली. अंथरुणाला पाठ टेकली की घोरायची. केस विंचरताना गुणगुणायची. काल तर आरशात बघून एकटीच हसली.

मंजुश्रीनं शेजारच्या खोलीतल्या नागम्माला सांगितलं. नागम्मा देगलूरची. तिचा महांतेश अक्षराबरोबरच ए बॅचला होता आणि ही गोष्ट ती पाणी मागायला आली तरी सांगून जायची.

“हसाय लागली?” नागम्मानं हातातली मेथी खाली ठेवली. “एकटीच?”

“हाव.”

“मग बघ बाई. कुणीतरी हाय.”

“उगं काहीतरी बोलू नको, नागम्मा.”

“मी कशाला बोलू? बारावी सायन्सची पोरगी हसती म्हणजे एकतर पेपर फुटला न्हाईतर पोरगं भेटलं. पेपर फुटला असता तर माझ्या महांतेशला कळलं नसतं का?”

मंजुश्रीनं मेथी तिच्या अंगावर फेकायची तेवढी बाकी ठेवली. पण खोलीत येऊन तिनं जमवाजमव केली. महिनाभर झाला, पोरगी साडेसहाला निघायची ती पाचला निघत होती. गेटपर्यंत सोडायला येऊ देत नव्हती. ‘डाउट सेशन’ म्हणायची. दप्तरात एक जास्तीचा टी-शर्ट असायचा. मोज्यांना तांबडी मुरमाड धूळ. गुडघा खरचटलेला. विचारलं तर दर वेळी म्हणाली, जिन्यात पडले. चारदा कोण जिन्यात पडतं?

मंगळवारी दुपारी मंजुश्रीनं ती चूक केली, जी तिच्या जागी गल्लीतल्या कुठल्याही आईनं केली असती. तिनं लेकीला विचारलं नाही. क्लासला विचारलं.

“सर, पहाटे पाचला डाउट सेशन असतं का?”

मेंटॉरनं कॉम्प्युटरवर दोन बटणं दाबली. “नाही, मॅडम. का?”

“काही न्हाई, सहज.”

“मुलगी जाते का कुठं?”

मंजुश्रीनं पिशवी उचलली आणि उठली. तिथंच पकडली गेली. मेंटॉर मान हलवत म्हणाला, “ठीक आहे मॅडम. आम्ही बघतो.” तो ‘बघतो’ तिला काही ठीक वाटला नाही. पण बाण सुटून गेला होता.

बुधवारी पोरगी पाचला निघाली. मंजुश्री डोक्यावर पदर घेऊन तीस पावलं मागं. चोरासारखी. आपल्याच लेकीच्या मागं.

अक्षरा क्लासच्या दिशेनं वळलीच नाही. चहाच्या गाड्याला वळसा घालून ती जिल्हा परिषदेच्या शाळेच्या मागं गेली. तिथं पडक्या भिंतीला खिंडार होतं. पोरगी त्यातून सरावानं आत गेली. मनात मंजुश्रीनं त्या पोराला तीनदा ठार मारलं, मग तो आपल्यातला, लिंगायताचा असेल का म्हणून विचार आला, मग स्वतःचीच लाज वाटली. खिंडारातून डोकं आत घातलं.

आत दहा-अकरा पोरी होत्या. दोन खांबांच्या मध्ये ओळीत उकिडव्या बसलेल्या, एकीचं तोंड इकडं तर दुसरीचं तिकडं. एक पोरगी वाऱ्यासारखी पळत होती आणि दुसरी तिच्या मागं. पळता पळता मागचीनं बसलेलीच्या पाठीवर थाप मारली आणि ओरडली,

“खो!”

असा आवाज, की भिंतीवरची चिमणी उडाली. मंजुश्रीला वाटलं, कुणाची असेल ही एवढ्या मोठ्या घशाची? पोरगी वळली. अक्षरा होती.

मंजुश्री आत येऊन तिथल्या हातपंपाच्या कठड्यावर बसली. बसली म्हणजे बसलीच. दीड वर्षात लेकीचा हा आवाज तिनं ऐकलाच नव्हता. ती विसरून गेली होती, लेकीला आवाज आहे.

“कोण पाहिजे, ताई?”

पन्नाशीतला माणूस. गळ्यात शिट्टी, डोक्यावर उन्हानं विटलेली टोपी, खिशात घडी घातलेला कागद.

“माझी पोरगी हाय ती.”

“कुठली? थांबा.” त्यानं कागद उघडला. “हजेरी नंबर?”

“काय की! आई हाय मी, शिपाई न्हाई.”

माणूस हसला. “मी दयानंद. तुमच्या पोरीच्या कॉलेजचा क्रीडाशिक्षक.”

मंजुश्रीला आधी काही कळेना. कॉलेज? मग आठवलं. क्लास लावला तेव्हा क्लासच्याच ऑफिसनं एका कॉलेजात पोरीचं नाव घातलं होतं. बोर्डाची परीक्षा द्यायला कुठल्यातरी कॉलेजात नाव लागतं, म्हणून. मुरूडच्या पुढं कुठल्याशा खेड्यात. पोरीनं ते कॉलेज डोळ्यांनी बघितलं नव्हतं. मंजुश्रीनंही नाही. तिथं जायचंच नसतं, सगळे असंच करतात, असं सांगितलं होतं आणि खरोखर सगळे तसंच करत होते. अख्खं लातूर कागदावर खेड्यात शिकत होतं.

“एकशे ऐंशी पोरं-पोरी हायेत बारावी सायन्सला,” दयानंद सर म्हणाले. “राहायला मी इथं लातुरातच. रोज मुरूडची गाडी धरतो, वर्गात डोकावतो. तीन कबुतरं असतात. परत येतो. पण हजेरीत एकशे ऐंशी हजर. खेळाच्या तासालाबी हजर! सहा वर्षं मी त्या मस्टरवर सही केली, ताई. सहा वर्षं. यंदा हात वळंना. मस्टरची झेरॉक्स काढली, हितं आलो आणि चहाच्या गाड्यापाशी उभा राहिलो. जी पोरगी येईल तिला विचारलं, बाळा, तुझं कॉलेज कुठलं? निम्म्यांना कॉलेजचं नाव सांगता येईना.”

“मग ह्या कशा मिळाल्या?”

“म्हणलं, सकाळी पाच ते सव्वासहा. सातला क्लासमध्ये असशील. अभ्यासातलं एक मिनिट मागणार न्हाई, झोपेतलं मागतो. अकरा आल्या.” सरांनी शिट्टी वाजवली. “पळा गं! पाच फेऱ्या. आणि आज कुठलं?”

“डी ब्लॉक, सर!” पोरी ओरडल्या आणि मैदानाला फेऱ्या मारता मारता मूलद्रव्यांची नावं म्हणायला लागल्या. स्कँडियम, टायटॅनियम, व्हॅनेडियम. जी चुकेल तिला एक फेरी जास्त. अक्षरा मँगनीजच्या पुढं गेली आणि तिनं आईला बघितलं. पाय जागीच थांबले. मागच्या दोघी तिच्यावर येऊन आदळल्या.

ती आली. घामानं चेहरा निथळत होता, गाल लाल.

“मम्मी, अप्पांना दुकानात फोन करून सांगू नको.”

“मला का न्हाई सांगितलंस?”

“तू न्हाई म्हणली असतीस.”

खरंच, मंजुश्री नाहीच म्हणाली असती. आणि असं प्रेमानं समजावून म्हणाली असती, की पोरीला रागावतासुद्धा आलं नसतं. एक वर्ष, बाळा, मग जन्मभर खेळ की. हेच ते वाक्य. या गल्लीत प्रत्येक आईच्या तोंडात तयार असतं.

“दिवसभर त्या बाकड्यावर बसून बसून मला माझे पायच हायेत की न्हाई कळायचं न्हाई,” अक्षरा म्हणाली. “हितं येते, पळते, मग दिवसभर डोस्कं चालतं. खरंच चालतं, मम्मी. रँक बघ की. कमी झाला का?”

झाला नव्हता. एकोणीसवरून बावीस. त्याला काय कमी म्हणायचं?

“जिल्हा जिंकला आम्ही.”

“जिल्हा?”

दयानंद सर मध्ये पडले. “जास्त फुगवून सांगू नको गं. एका सामन्याला समोरचा संघच आला न्हाई, दुसऱ्याला सहा पोरी आल्या. बाकीच्या कॉलेजांच्या पोरीबी कागदावरच हायेत ना. पण तिसरा खरा जिंकला. आता रविवारी नांदेडला विभागाचे सामने.”

रविवार. म्हणजे टेस्ट. आणि ही साधी टेस्ट नव्हती, डिसेंबरपर्यंतच्या बॅचा याच टेस्टवर पडणार होत्या. जो गैरहजर तो थेट शेवटच्या बॅचला, तळमजल्यावर, जिथं सर लोक वेळ मारून न्यायला येतात आणि पोरांना नावानं ओळखत नाहीत. अक्षरा एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा आईच्या डोळ्यांत डोळे घालून उभी होती. “मी जाऊ का, मम्मी?”

मंजुश्रीला पाच वर्षांची अक्षरा आठवली. रानात पतंग तुटल्यावर अशीच उभी राहायची. जाऊ का?

“आधी तुझी मूलद्रव्यं संपव,” ती म्हणाली. “मग बघू.”

घरी येताना ती रस्त्यात एकटीच हसली. पोरगं नव्हतं. पोलिसांची गाडी नव्हती. खो-खो होता. अरे देवा, निस्ता खो-खो होता! नागम्माला उठवून सांगावंसं वाटलं. खोलीत येऊन चहा टाकला, तोच फोन वाजला. नवरा. सोमेश.

“क्लासमधून फोन आला होता. ताबडतोब या म्हणलेत. निघालोय मी.”

“ऐका, अहो—”

फोन कट. ती लावत राहिली, तो उचलेना. मोटारसायकलवर असला की सोमेशला फोन ऐकू येत नाही, चाकूर गेल्याशिवाय तो थांबत नाही. मंजुश्रीच्या तेव्हा ध्यानात आलं. ‘आम्ही बघतो’ ते हे. आपणच विचारलं, आपणच सांगितलं. चहा उतू गेला तो तिनं पुसलाही नाही.

सव्वानऊला जिन्यात बूट वाजले. सोमेश वर येत होता, पण जड, एकेक पायरी मोजत. दारात मंजुश्री दिसली तसा तो मधल्या पायरीवर थांबला. कपाळावरची विभूती घामानं भुवईत उतरलेली. ओठ कोरडे.

“जिवंत हाय ना?”

मंजुश्रीला लख्ख कळलं. उदगीर ते लातूर, सगळा रस्ता हा माणूस हेच घेऊन आला होता.

“हाय,” ती म्हणाली. “ठीक हाय. खो-खो खेळती.”

“काय?”

“खो-खो. सकाळचं. कॉलेजकडून.”

सोमेश पायरीवर खाली बसला. रुमाल काढला, तोंड पुसलं, विभूती सगळ्या कपाळभर फासली. खांदे हलायला लागले. रडतोय की हसतोय, तिला कळेना. दोन्ही होतं.

“त्या भाड्यानं फोनवर निस्तं ‘ताबडतोब या’ म्हणलं,” तो म्हणाला. “कशाला ते सांगंना. म्हणे, समोर बोलू. चाकूरला एकदा गाडी थांबवली, म्हणलं पुढं जाऊच नये. जोवर जात न्हाई तोवर तरी...” वाक्य त्याला पुरं करवेना. मग पुन्हा म्हणाला, “खो-खो!” जणू हा शब्द त्यानं पहिल्यांदाच ऐकला होता आणि त्याला फार आवडला होता.

नागम्मा दारात येऊन उभी. “काय झालं भाऊजी?”

“खो-खो झालाय,” सोमेश म्हणाला. “तुमच्याकडं झालाय का कुणाला?”

अकराला दोघं क्लासच्या डायरेक्टरच्या केबिनमध्ये बसले. बालाजी सर. मागच्या भिंतीवर गेल्या दहा वर्षांतल्या डॉक्टर झालेल्या पोरांचे फोटो, छतापर्यंत. जे झाले नाहीत त्यांच्यासाठी भिंतच नव्हती. एसी इतका की मंजुश्रीनं पदर गुंडाळून घेतला. अक्षराला वर्गातून बोलवून आणलं होतं. ती भिंतीला टेकून उभी, पुन्हा तीच जुनी अक्षरा, मान खाली.

“हुशार मुलगी आहे तुमची,” बालाजी सर म्हणाले. “म्हणून तर बोलावलं. असंतसं पोरगं असतं तर आम्ही लक्षही दिलं नसतं. पण खोटं बोलून बाहेर जाते, आमच्या माणसानं आज पहाटे बघितलं. आज खेळ आहे, उद्या काय असेल? सहा महिने राहिलेत. दोन दगडांवर पाय ठेवून डॉक्टर होता येत नाही.”

त्यांनी एक कागद पुढं सरकवला. हमीपत्र. पाल्य क्लासच्या वेळेत आणि वेळेबाहेर कुठल्याही अन्य उपक्रमात भाग घेणार नाही, घेतल्यास होणाऱ्या परिणामांस पालक जबाबदार. खाली दोन सह्यांच्या रेघा.

सोमेशनं खिशातून पेन काढलं. त्याला दोष देऊन उपयोग नाही. जो माणूस मोटारसायकलवर पोरीचं मरण मनात घेऊन आला, तो कशावरही सही करतो. मंजुश्रीनं त्याच्या मनगटावर हात ठेवला.

“दम खा.” मग बालाजी सरांकडं बघितलं. “सर, हिचं कॉलेजचं ॲडमिशन तुमच्याच ऑफिसनं केलं होतं ना?”

“हो. मुरूडकडं. का?”

“तिथली हजेरी लागती ना रोज?”

“लागते. त्याची चिंता करू नका.”

“खेळाच्या तासालाबी लागती?”

बालाजी सर हसले. “ताई, ते फक्त कागदोपत्री असतं.”

“हे काय मग?” तिनं हमीपत्रावर बोट ठेवलं. “हेबी कागदच हाय की.”

सर हसायचे थांबले. मंजुश्रीला पुढचं काय बोलायचं ते माहीत नव्हतं. ते आपोआप येत गेलं, दीड वर्ष भिंतीकडं बघून जे साठलं होतं ते.

“कागदावर माझी लेक रोज मुरूडला जाती. रोज खेळती. दीड वर्ष तुम्ही लोकांनी असं लिहिलंय. आता ती खरंच खेळाय लागली तर त्यात खोटं कोण बोललं, सर? ती का तुम्ही?”

“ताई, विषय तो नाही—”

“आईचं ऐका. कॉलेजच्या सरांनी सांगितलंय, हिला रविवारी नांदेडला पाठवा म्हणून. हिचं कॉलेज तिकडं बोलावतंय, तुम्ही म्हणता पाठवू नका. हरकत न्हाई, न्हाई पाठवत. मला तसं लिहून द्या. अक्षरा ही सकाळी सात ते रात्री आठ आमच्याकडं बसलेली असती, म्हणून तिला कॉलेजच्या संघातनं खेळता येणार न्हाई. खाली सही, शिक्का. मी मुरूडला नेऊन देते. म्हणजे माझ्यावर बोल नको.”

एसी घरघरत राहिला. मेंटॉर कॉम्प्युटरमध्ये तोंड घालून बसला होता. बालाजी सरांनी मंजुश्रीकडं बघितलं, मग भिंतीकडं, मग कागद स्वतःकडं ओढून घेतला. असा कागद लिहून देणारा डायरेक्टर या लातुरात जन्मायचा होता.

“सोमवारी देऊ दे टेस्ट,” ते शेवटी म्हणाले. “वेगळा पेपर काढतो. पण बॅच जी पडेल ती पडेल. सवलत नाही.”

“सवलत मागितलीय कुणी?”

अक्षरानं मान वर केली होती. कधी केली ते मंजुश्रीला दिसलं नाही.

खाली उतरताना सोमेश म्हणाला, “तू तर त्याला धमकीच दिलीस.”

“मी कुठं धमकी दिली? मी निस्तं लिहून मागितलं.” आणि खरंच, तिनं मनात धमकी वगैरे काही धरलं नव्हतं. जिना संपल्यावर आपण काय बोललो हे तिला उमगलं. नवऱ्याचा दंड धरून ती रस्त्यावर उभी राहिली.

शनिवारी एसटीनं अहमदपूर, लोहा करत सगळे नांदेडला पोचले. दयानंद सर, अकरा पोरी, सात आया आणि दुकानाला कुलूप लावून आलेला एक बाप. रविवारी सकाळी पहिला सामना धाराशिवच्या संघाशी झाला आणि पोरींनी तो चार गुणांनी मारला. दुसरा नांदेडच्या संघाशी होता, देगलूरकडच्या खेड्यातल्या कॉलेजच्या पोरी. खऱ्या कॉलेजात जाणाऱ्या, रोज मैदानावर घाम गाळणाऱ्या, काळ्याभोर आणि चिवट. त्या सूर मारून खांबापाशी गडी टिपायच्या. लातूरच्या पोरी सव्वा तासाच्या सरावाच्या आणि ते दिसत होतं.

शेवटच्या तुकडीत अक्षरा आत गेली. बरोबरच्या दोघी लगेच बाद झाल्या. ती एकटी राहिली. खांबाला वळसा, ओळीतून आत, ओळीतून बाहेर, पुन्हा खांब. मागं पळणाऱ्या बदलत होत्या, ही तीच. मंजुश्रीनं पदराचं टोक दातात धरलं. शेजारी सोमेश उठून उभा राहिला आणि ओरडायला लागला, “ओडु! ओडु!” पळ, पळ. तो फक्त त्याच्या आईशी कन्नड बोलतो. बाजारात नाही, बायकोशी नाही. स्टेडियमवर पहिल्यांदाच त्याच्या तोंडून ते बाहेर पडलं आणि पलीकडच्या देगलूरकडच्या आया वळून हसायला लागल्या, कारण त्यांना कळत होतं.

तीन मिनिटं दहा सेकंद. मग एका सावळ्या पोरीनं खांबाजवळ अंग झोकून दिलं आणि अक्षराच्या टाचेला बोटं लागली. दोघीही मातीत पडल्या. अक्षरा उठली, त्या पोरीला हात देऊन उठवलं आणि दोघी हसायला लागल्या. सामना दोन गुणांनी गेला. विभाग गेला. दयानंद सरांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाले, “रोज खेळणाऱ्या पोरींनी हरवलं, त्यात वाईट काय? मस्टरनं थोडीच हरवलं.”

परतीच्या एसटीत अक्षरा आईच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. तोंड उघडं, केसांत माती. लोह्याच्या पुढं खड्ड्यात गाडी आदळली तरी जागी झाली नाही. मंजुश्रीनं खांदा हलवला नाही. अख्खा रस्ता खांदा बधिर झाला, तरी नाही.

सोमवारी टेस्ट. गुरुवारी बॅचा लागल्या. संध्याकाळी मेंटॉरचा फोन आला तेव्हा मंजुश्री परातीत पीठ मळत होती. कोपरानं फोन कानाला लावला.

“मॅडम, अक्षरा बी बॅचला गेली. एकतीसवा रँक. एका गुणानं ए हुकली. मी म्हणालो होतो—”

“हाव. बरं झालं सांगितलं.”

“तुम्हाला कळलं ना, मॅडम? बी.”

“कळलं की. बी. ठेवते, पिठाचे हात हायेत.”

तिनं फोन ठेवला आणि वाट बघितली, पोटात गोळा कधी येतो त्याची. येईना. एकतीस. म्हणजे हिच्या पुढं तीस. डॉक्टर व्हायला एवढं बस्स असेल तर होईल, नसेल तर काहीतरी होईलच. पण एक गोष्ट नक्की होती, पोरगी घरी येणार होती आणि तिला भूक लागलेली असणार होती.

जिन्यात आवाज आला. महांतेश आणि अक्षरा, दोघं वर येत होते आणि भांडत होते.

“बी बॅचच्या खिडकीतनं काय दिसतं गं, कचराकुंडी?”

“मैदान दिसतं! तुझ्या ए बॅचला खिडकी हाय का? पडदा हाय निस्ता, बुरसटलेला!”

“पुढच्या टेस्टला बघू.”

“बघ की! आणि उद्या पाचला ये, एक फेरी मारून दाखव. अर्ध्यात उलटी करशील!”

“मी कशाला येऊ पोरींच्यात?”

“भ्याला! नागम्मा मावशी, तुमचा महांतेश भ्याला!”

नागम्मा दारातून ओरडली, “माझ्या पोराला काय बोलायलीस गं?” आणि ते दोघं तिच्याशीही भांडायला लागले. सगळा जिना दणाणला. दोन मजल्यांवरची दारं किलकिली झाली. या इमारतीत जिन्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात ‘शांतता राखा, अभ्यास चालू आहे’ लिहिलेलं होतं आणि दीड वर्षात ते कुणी मोडल्याचं मंजुश्रीला आठवत नव्हतं.

खालून घरमालकीण गंगम्मा चिडून ओरडली, “कोण बोंबलायलंय वर?”

मंजुश्री पिठाचे हात तसेच घेऊन गॅलरीत आली आणि वाकून म्हणाली, “माझी पोरगी हाय.”

मग आत जाऊन तिनं तवा ठेवला आणि परातीत आणखी दोन मुठी पीठ घेतलं.